पाणी सोडल्यानंतर

धरमपेठेत, ट्रॅफिक पार्कच्या मागच्या गल्लीत
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
पाटीवरचं ‘दाता’ कूलरच्या ओघळानं उडालं,
उरलं नुसतं ‘सल्ला निधी’.
खालचा रसवाला विचारतो,
‘साहेब, वर चिटफंड हाय का?’
नाही बापू, वर लोक पैसे देतात
आणि ते परत मागता येत नाहीत.
‘मंग तेच तं झालं!’

यमुनाबाई हेडाऊ आल्या सत्तावीस मार्चला,
उन्हानं लाल, हातात सीएची चिठ्ठी.
बेसाकडची जागा विकली होती,
नवऱ्यानं दोन माग विकून घेतलेली.
या वर्षी दिलं तर या वर्षी सूट,
कोणाला द्यायचं ते मग ठरवा, चिठ्ठीत एवढंच.

मी समजावलं, सगळ्यांना समजावतो तसं:
सही झाली की पैसे तुमचे नाहीत.
पावती आजच.
पुढे ते आम्ही कामाला लावू,
वाढले तर तुमच्या नावच्या खात्यात वाढतील,
पडले तरी तिथंच पडतील.
वाटेल तेव्हा पत्र लिहा, अमक्याला इतके द्यावे.
संस्था खरी का, हिशेब ठेवते का, बघू,
मग पाठवू.
बहुतेकदा ऐकतोच.
पण तुम्ही लिहाल तो हुकूम नाही, बाई. सल्ला.

त्या थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.
‘म्हंजे लुगडं पेढीवर टाकल्यावानी.
मंग कोण नेसते, आपल्याले काय मालूम.
सांगता येते फक्त,
धुताना पिळू नका म्हनून.’

इतकं नेमकं
आमच्या माहितीपत्रकात नाही.

सहा वर्षं पत्र नाही.
सूट पहिल्याच वर्षी जिरली,
नातवाच्या खोलीवर स्लॅब पडला.
दर एप्रिलला पाचपावलीला आमचा कागद जातो,
दर मे महिन्यात तो पिशवीत घालून त्या येतात.
‘वाढून राह्यलं का?’
हो.
‘मंग राहू द्या. चांगलं ठिकान सापडलं की सांगतो.’

मी मेडिकलच्या बाजूनं घरी जातो.
फाटकापाशी वॉर्डातल्यांची माणसं झोपलेली,
उशाला एक्स-रेचं पाकीट,
तीन विटांवर भाताचं गंज.
सायकल तिथं हळू होते, आपोआप.
मला सल्ला द्यायचा अधिकार नाही.
मी पत्रं फाइल करणारा माणूस,
आणि पत्रच नाही.

हातावरून पाणी सोडलं की दान झालं, असं आपण म्हणतो.
पण हे पाणी तळव्यावरून सुटलंय
आणि जमिनीला लागलेलं नाही.
मध्येच, अधांतरी,
आठ टक्क्यांनी वाढतंय.

गेल्या जुलैत पत्र आलं,
वहीचा कागद, अक्षर एका बाजूला कललेलं:
भाऊ वॉर्डात होता. अकरा रात्री मी फाटकापाशी होती.
खाटा नको, खाटा चोरी जाते.
नळ लावा. पायानं दाबायचा नको,
म्हाताऱ्यांचे गुडघे.
अठरा हजार. माझं नाव टाकू नका.

भावाचं पुढे काय झालं, ते पत्रात नव्हतं.

अठरा हजार.
खात्यातल्या आकड्याला ते जाणवलेही नाहीत.
आम्ही सोबती मंडळाची नोंदणी तपासली,
ताळेबंद मागवला, दोन सह्या घेतल्या,
चौदाव्या दिवशी पैसे गेले.

आता तिथं चार नळ आहेत.
काल एक अर्धवट बंद होता, धार लागलेली,
सायकल टेकवून मी तो पिळून बंद केला.
कोणी सांगितलं नव्हतं.

फॉर्मवर एक रकाना अजून कोरा आहे:
‘तुमच्यानंतर सल्ला कोण देईल?’
यंदाच्या मे महिन्यात पुन्हा पुढे सरकवला.
त्यांनी वाचला, घडी मोडली तशी घातली,
आणि ताग्याच्या कडा चाचपाव्यात
तशी त्या कागदावर बोटं फिरवली.
‘लिहीन नं. घाई काय हाय?
बोटं अजून चालून राह्यली.’